आगबोट, लोकल आणि हप्त्याची मोटारसायकल

आजच्या मुलांना सांगितले तर खरे वाटत नाही. आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या काळी गावात बैलगाड्या होत्या, घोडी होती, डोल्या-मेणे होते. पण आपल्या माणसाचा त्यांच्याशी संबंध यायचा तो बसण्यासाठी नव्हे, तर त्यांच्यापुढे धावण्यासाठी! महारकी वतनाच्या कामांची यादी काढून पाहा. सरकारी सारा तालुक्याच्या कचेरीत पोचता करणे, गावचे टपाल नेणे, दौऱ्यावर आलेल्या साहेबाचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहणे, त्याला वाट दाखवणे, कोणाच्या घरी मयत झाली तर तिचा सांगावा घेऊन उन्हापावसात पाहुण्यांच्या गावी चालत जाणे. थोडक्यात काय, तर गावाचे वाहन आपणच होतो. पायांची मजुरी म्हणून बलुत्याची पेंढी आणि दारोदारची शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतन बिल मांडले ते याच वेठीविरुद्ध. प्रत्यक्षात ही वतने मोडली ती १९५८ च्या कायद्याने.

म्हणून "बैलगाडी गेली, मोटार आली, केवढी ही प्रगती" असे कोणी लिहिले की आपल्या घरातला हिशोब थोडा निराळा मांडावा लागतो. गाडी किती वेगाने धावली एवढाच तो हिशोब नाही. तिच्यात कोणाला बसता आले, आणि बसण्यासाठी त्याने काय मोजले, हेही पाहावे लागते. मी बी. कॉम. झालेला, पोटासाठी कारकुनी करणारा माणूस. जमा-खर्च लिहिण्याची हाताला सवय आहे. तेव्हा आपल्या चार पिढ्यांच्या भाड्याचा जमा-खर्च मांडून पाहू.

दुप्पट भाडे, तरी गाडीवान नाही

मसूरची गोष्ट आपल्या वाचकांना नवी नाही. तरी हिशोबाची सुरुवात तिथूनच होते. १९०१ सालचा उन्हाळा. रामजी बाबा सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात गोरेगावला रोखपाल होते. दुष्काळी कामावर तलावाची खोदाई चालली होती. नऊ वर्षांचा भीमा, त्याचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले अशी लहान मंडळी वडिलांना भेटायला आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर नवे कपडे, डोक्यावर जरीच्या टोप्या. न्यायला कोणीच आले नव्हते. स्टेशनमास्तराने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी खरी जात सांगताच मास्तर मागे सरला. बाहेर गाडीवाले भाड्याची वाट पाहत उभे होते, पण एकही तयार होईना. शेवटी एकाने कबूल केले. भाडे दुप्पट, आणि गाडी मुलांनी स्वतः हाकायची. गाडीवान बाजूने चालत जाणार! रात्रीचा प्रवास, डब्यात जेवण आहे पण पाण्याचा थेंब मिळत नाही, अशा स्थितीत ही पोरे दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोचली. बाबासाहेबांनी हे सारे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे.

मला त्या दुप्पट भाड्याचे नेहमी नवल वाटते. माणसाचा विटाळ मानणाऱ्याला त्याच्या पैशाचा विटाळ होत नव्हता!

यानंतर २८ वर्षांनी, १९२९ साली, तोच मुलगा बॅरिस्टर झालेला, मुंबई कौन्सिलचा सभासद, सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचा सभासद म्हणून धुळ्याचे काम उरकून चाळीसगावला उतरला. स्टेशनापासून महारवाड्यापर्यंत टांगा हवा होता. एकही टांगेवाला महार उतारू घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. लोकांनी तोड काढली. टांगा भाड्याने घ्यायचा, हाकणारा आपल्यातलाच. त्या बिचाऱ्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, घोडा टांग्यासकट नदीत गेला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. पायाचे हाड मोडले. पाहुण्याने पायी चालत यावे हे लोकांना बरे वाटले नाही, म्हणून हा सारा खटाटोप! बाबासाहेबांनी नंतर लिहिले त्याचा आशय असा की, हलके काम करणारा टांगेवालाही स्वतःला बॅरिस्टर असलेल्या अस्पृश्याहून वरचढ समजत होता.

खिडकीवरचे तिकीट

एक गोष्ट मात्र बारकाईने पाहा. मसूरपर्यंत ही मुले आगगाडीनेच आली होती. अपमान सुरू झाला तो फलाटावर उतरल्यावर.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली ती काही समता आणण्यासाठी नव्हे. इंग्रजांना आतल्या मुलखातला कापूस बंदरावर आणायचा होता. पण तिसऱ्या वर्गाच्या डब्यात माणसे अशी कोंबली जात की शिवाशीव पाळायला जागाच उरली नाही. ज्याला विटाळाची भीती त्याने चालत जावे! स्टेशनावर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' असे वेगळे माठ होते आणि त्या दोहोंत आपला माणूस कुठेच नव्हता, हे खरे. तरी खिडकीवर पैसे टाकले की तिकीट मिळे आणि तिकिटावर जात छापलेली नसे. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला दीक्षेसाठी लाखो लोक लोटले ते कोणी बैलगाडीने, कोणी पायी, पण लांबचे लोक आले ते याच तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर बसून, भाकरी फडक्यात बांधून.

रुळांखालची खडी फोडणारे, स्लीपर उचलणारे हात मात्र बरेचसे आपलेच होते. मनमाड, भुसावळ, इगतपुरी इथल्या आपल्या वस्त्या पाहिल्या तर घरटी एक माणूस रेल्वेत असायचा, बहुधा गँगमन म्हणून. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी एक साधी पण बोचणारी गोष्ट उघड केली. आपला माणूस आयुष्यभर गँगमनच राहतो, त्याला साधे पोर्टरसुद्धा करत नाहीत. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तराच्या घरचेही काम करावे लागते, आणि घरात अस्पृश्य कसा चालेल! ज्या रुळावरून गाडी जाते तो रूळ आपण टाकायचा, पण फलाटावर हमालीचाही हक्क नाही.

तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला. नाव गेले, पण लाकडी फळ्या राहिल्या. १९७७ ते ७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री होते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात दोन इंचांची गादी आली ती त्यांच्यामुळे. आमच्या वडिलांच्या पिढीतले लोक अजून या दोन इंचांबद्दल बोलतात. गरिबाच्या पाठीचा विचार करणारे मंत्री थोडेच असतात.

हर्णैचा पडाव ते कोकण रेल्वे

आमचे गाव दापोली तालुक्यातले. आजोबा १९४० च्या सुमारास मुंबईला आले ते आगबोटीने. तेव्हा कोकणातल्या चाकरमान्याला दुसरी सोयीची वाट नव्हती. गावातून हर्णै बंदरापर्यंत डोक्यावर वळकटी घेऊन पहाटेपासून चालायचे. बोट धक्क्याला लागत नसे, ती खोल पाण्यात उभी. पडावात बसून तिच्यापर्यंत जायचे, लाट आली की कपडे भिजायचे, आणि शिडीवरून वर चढायचे. डेकवर वळकटी टाकायला जागा मिळाली की माणूस राजा! आजोबा सांगत, गावातून बंदरापर्यंतच्या वाटेवर लोकांना अंतर ठेवून चालावे लागे, पण डेकवर समुद्र लागून सगळेच सारखे ओकत. तिथे कोण कोणाला शिवला हे पाहायला कोणाला शुद्ध नसे. दुसऱ्या टोकाला भाऊचा धक्का आणि मुंबईची गर्दी. त्या गर्दीत मिसळून जाण्यात मोठे सुख होते, असे ते म्हणत.

पावसाळा सुरू झाला की बोटी बंद होत. मग गावाकडे काहीही होवो, चाकरमानी मुंबईतच अडकून पडे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर कित्येक वर्षे कोकणातल्या घराघरांत बोटीवर बसणाऱ्याच्या नावाने जीव टांगणीला लागत असे.

मग एसटी आली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली गाडी सुटली, आणि पुढच्या वर्षांत ती घाट चढून आमच्याकडेही पोचली. योगायोग असा की, अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा अमलात आला तोही १ जूनलाच, १९५५ साली. सार्वजनिक वाहनात बसण्यास जातीवरून अडवणे हा त्या कायद्याने गुन्हा झाला. पण कायदा झाला म्हणून मनातली भीती लगेच जात नाही. आमची आजी दापोलीहून खेडला जाताना पूर्ण तिकीट काढूनही मागच्या बाजूला खाली फळीवर बसायची. बाके रिकामी असली तरी! कोणी उठ म्हणण्याआधी आपणच खाली बसलेले बरे, असे तिचे गणित. १९६० च्या आगेमागे माझे वडील दहा-बारा वर्षांचे असतील. शाळेत जाणारे पोर. ते बाकावर बसले आणि आजीला म्हणाले, "आये, तिकिटावर लिवलंय का खाली बसायचं?" आजीने इकडेतिकडे पाहिले. कंडक्टरनेही पाहिले. त्याने फक्त घंटीची दोरी ओढली आणि पुढच्याचे तिकीट फाडायला गेला. आजी उठून बाकावर बसली, पण पदर सावरून, अगदी कडेला, अर्ध्या जागेत. खेड येईपर्यंत ती मागे टेकली नाही. ही गोष्ट वडील हसत सांगत, आजी मात्र कधी हसली नाही.

टपावर ट्रंका, पिशव्या, फणस आणि कोंबड्यांची खुराडी, कशेडी घाटात लिंबाच्या फोडी चोखणारी पोरे आणि मे महिन्यात जागा मिळवण्यासाठी रात्रभर लागलेल्या रांगा. लाल डब्याच्या त्या वर्णनाला पाने पुरणार नाहीत. आगबोटीची वाट हळूहळू ओस पडली. पुढे २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. सह्याद्रीच्या कड्यांतून बोगदे काढून रोह्यापासून मंगळुरूच्या दारापर्यंत सुमारे ७४० किलोमीटर लोहमार्ग! दंडवत्यांपासून जॉर्ज फर्नांडिस आणि ई. श्रीधरन यांच्यापर्यंत अनेकांचे कष्ट त्यात आहेत. पण दापोली-मंडणगडकरांना स्टेशन म्हणजे खेड. तिथून घरापर्यंत पुन्हा एसटी किंवा वडाप. शिवाय सामान्य माणसाची खरी गाडी होती पॅसेंजर. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर कोरोनानंतर दिव्याहून सोडू लागले. वेगवान गाड्या वाढल्या, पण लहान स्टेशनावर थांबणाऱ्या गाडीचे दार लांब गेले. मुंबई-गोवा रस्त्याच्या रुंदीकरणाबद्दल तर न बोललेलेच बरे. २०११ मध्ये सुरू झालेले काम बारा-चौदा वर्षे रेंगाळले, तेवढ्यात गावची पोरे शाळा संपवून मुंबईला कामाला लागली.

भोंगा वाजला की पायात चप्पल

आता मुंबईतला रोजचा प्रवास. आजोबा नायगावच्या बीडीडी चाळीत दुसऱ्याच्या खोलीत भाड्याने राहत. १६० चौरस फुटांची खोली, माणसे किती ते विचारू नका. पण गिरणी दहा मिनिटांवर. पहिला भोंगा झाला की उठायचे, दुसरा झाला की चालू लागायचे. रोजच्या प्रवासाचा खर्च शून्य. फार तर चपलेचा अंगठा तुटला तर चांभाराला पैसा-दोन पैसे.

ट्राम होती, पण ती रविवारची चैन. १८७४ साली घोड्याची ट्राम सुरू झाली, १९०७ पासून विजेची. राणीच्या बागेत पोरांना न्यायचे, कोणा आजारी माणसाला पाहायला जायचे, तर ट्राम. ती इतकी सावकाश चाले की धावत जाऊन पकडता येई आणि चालतीतून उतरता येई. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम गेली. वडील तेव्हा सोळा वर्षांचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक निरोप द्यायला उभे होते, असे त्यांनी सांगितलेले मला आठवते. तोपर्यंत बेस्टच्या बसेस सगळीकडे झाल्या होत्या. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट सुरू झालेली बस कामगार वस्तीत यायला वेळ लागला, पण आली ती घट्ट रुजली. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अगदी पुढची जागा मिळाली की आम्हा भावंडांना आपण मुंबईचे मालक वाटत असू. त्या जुन्या डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ ला बंद झाल्या. आता विजेच्या, वातानुकूलित दुमजली गाड्या आहेत. खिडकी उघडत नाही, वारा लागत नाही. पण बरे आहे.

वडीलही गिरणीतच बदली म्हणून लागले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले ते बहुतेक परत आत गेलेच नाहीत. या संपावर पुष्कळ लिहिले गेले आहे. माझ्या मते त्याचा एक परिणाम मात्र कोणी नीट मांडला नाही. संपाने कामगाराचे काम आणि घर यांतले अंतर वाढवले. दहा मिनिटांवरची गिरणी गेली. भाड्याची खोली परवडेना. कोणी विरार-नालासोपाऱ्याला गेला, कोणी दिव्याला, आम्ही बदलापूरला. काम मात्र मुंबईतच राहिले. ज्यांच्या नावावर चाळीतली खोली टिकली त्यांच्यापैकी वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुनर्विकासातल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांच्या. आनंदच आहे. पण त्या चाळींत पोटभाडेकरू म्हणून राहिलेले आमच्यासारखे किती, आणि ते आज कोणत्या स्टेशनात सकाळी उभे आहेत, याची मोजदाद कोणत्याच योजनेत नाही.

महिन्याचे शंभर तास

बदलापूर ते मुंबई ६८ किलोमीटर. मी एका खासगी कार्यालयात कारकून आहे. घराच्या दारापासून टेबलापर्यंत दोन तास, परत तेवढेच. महिन्याला पंचवीस दिवस धरा. शंभर तास झाले! आठ तासांची एक पाळी धरली तर साडेबारा पाळ्या मी दरमहा लोकलमध्ये भरतो, तेही बहुतेक उभ्याने आणि बिनपगारी. आजोबांचे तेच गणित मांडले तर महिन्याला आठ-नऊ तास निघतात. आगबोटीच्या पिढीपेक्षा माझी पिढी कितीतरी वेगवान वाहनात बसते आणि तरी दहा-बारा पट जास्त वेळ प्रवासात घालवते.

बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कारखाना कायद्याची दुरुस्ती झाली आणि १९४६ पासून आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. कामगाराला वाचायला, मुलांकडे पाहायला, संघटनेच्या कामाला वेळ मिळावा हा त्यामागचा विचार. आठवड्याचे ते सहा तास वाचले खरे. आणि आज आम्ही आठवड्याला तेवीस-चोवीस तास रुळांवर वाहून टाकतो. विहारात रविवारी वर्गाला मुले येतात, पण शिकवायला माणूस मिळत नाही. का मिळत नाही हे विचारणाऱ्याने सोमवार ते शनिवार सहा पंचावन्नच्या लोकलला येऊन पाहावे.

तरीही लोकलला मी नावे ठेवणार नाही. विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला सुरू झाली, तिला शंभर वर्षे झाली. महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या किमतीत मिळतो. २०१४ साली तो दुप्पट करायचे ठरले होते, ओरड झाली आणि निर्णय मागे घेतला गेला. हा स्वस्त पास आहे म्हणून कामवाली बाई, रखवालदार, कारकून यांचा संसार उभा आहे. १९९२ साली चर्चगेट-बोरिवली मार्गावर बायकांसाठी खास गाडी सुरू झाली आणि आमच्या आया-बहिणींना नोकरीचे दार आणखी थोडे उघडले. डब्यात बसून भाजी निवडणारी, पोरांचे कपडे शिवणारी बाई ज्याने पाहिली त्याला कळते की लोकल म्हणजे तिच्या घराची एक खोलीच आहे.

आणि धोका? ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडून मृत्यू पावले. चार दिवस वर्तमानपत्रात आले. बंद दारांची गाडी हवी की जास्त गाड्या हव्यात यावर चर्चा झाली. दारात कोणी हौसेने लोंबकळत नाही, एवढेच मी म्हणतो. लेटमार्क तीन झाले की अर्ध्या दिवसाचा पगार जातो.

गाडी स्वतःची, हप्ता दर महिन्याचा

आता चौथी पिढी. माझा पुतण्या, वय बावीस. बारावीनंतर पुढे शिकला नाही. घरपोच जेवण पोचवण्याचे काम करतो. त्याच्यासाठी वाहन हे कामावर जायचे साधन नाही, वाहन हेच काम. गाडी नसेल तर नोकरी नाही. मोटारसायकल सगळी मिळून लाखाच्या घरात गेली. वीस हजार घरातून घातले, बाकीचे कर्ज. पावणेतीन हजारांचा हप्ता, छत्तीस महिने. दिवसाला ऐंशी किलोमीटर फिरतो, पेट्रोल शंभराच्या वर, म्हणजे महिन्याला साडेचार-पाच हजार. टायर, ऑइल, विमा वेगळा. मी त्याला कागदावर हे सारे लिहून दाखवले. हप्त्यांची बेरीज ९९ हजार, वर वीस. एक लाख एकोणीस हजारांना गाडी पडली, आणि तीन वर्षांनी ती विकायला काढली तर निम्मे तरी येतील का? त्याने कागद नीट घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "काका, पण कोणाची वाट पाहायला लागत नाही." या उत्तरात काही खोटे नाही. ज्या घरात आजीला बाकावर बसायला धीर करावा लागला, तिथल्या पोराला स्वतःच्या गाडीची किल्ली फिरवताना काय वाटत असेल ते आकड्यांत येत नाही. उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात २०१८ साली दलित नवरदेवाला गावातून घोड्यावरून वरात नेण्यासाठी कोर्टाचे आणि पोलिसांचे दार ठोठवावे लागले होते. तेव्हा पोराने गाडीवर निळा झेंडा लावून मिरवले तर मला त्यात उथळपणा दिसत नाही. हेल्मेट घातले नाही तर मात्र मी रागावतो.

पण त्याने सांगितलेली एक गोष्ट मनातून जात नाही. मोठमोठ्या सोसायट्यांत लिफ्टजवळ पाटी असते, जेवण-सामान पोचवणाऱ्यांनी ही लिफ्ट वापरू नये. त्यांनी माल न्यायच्या लिफ्टने जावे. एकदा ती बंद होती. रखवालदाराने पाटी दाखवली. पोरगा अकरा मजले चढून गेला. जेवण गार झाले म्हणून गिऱ्हाईकाने तक्रार केली ती वेगळीच. इथे कोणी जात विचारत नाही हे खरे. पाठीवरची पेटी पाहतात. पण तुम्ही आणलेले अन्न चालते, तुम्ही शेजारी उभे राहिलेले चालत नाही, हा हिशोब दुप्पट भाडे घेऊन शेजारून चालणाऱ्या गाडीवानाच्या हिशोबासारखाच मला वाटतो. १९५५ च्या कायद्यातले सार्वजनिक वाहन लिफ्टपर्यंत पोचते का, हे आपल्या वकील मंडळींनी एकदा तपासून सांगावे.

सकाळची गाडी

शहरात पोरे हप्त्याने गाडी घेतात. गावातल्या मुली कशाने जाणार? त्यांच्यासाठी अजून एसटीच. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या मुलींना शाळा-कॉलेजला जाण्यासाठी एसटीचा पास फुकट मिळतो, आता बारावीपर्यंत. १७ मार्च २०२३ पासून सर्व बायकांना अर्धे तिकीट झाले. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत. आजी असती तर तिला तिकीटच लागले नसते. बेस्टचे किमान भाडे २०१९ मध्ये ५ रुपये केले होते, ते मे २०२५ मध्ये १० झाले. एसटीचेही जानेवारी २०२५ मध्ये सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले. पण मुलींचा पास तेवढा शाबूत आहे.

मात्र पास असून गाडी नसेल तर त्याचे काय करायचे? ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ असा सहा महिने एसटीचा संप चालला. त्या आधी कोरोना. या काळात बंद पडलेल्या खेड्यापाड्यांच्या फेऱ्यांपैकी कित्येक लवकर सुरू झाल्या नाहीत. रात्री गावात मुक्काम करून पहाटे निघणारी गाडी गेली की आधी मुलींची शाळा सुटते. मुलगा कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जातो. मुलीला घरचे तसे पाठवत नाहीत, आणि वडापमध्ये कोंबून पाठवायला त्यांचा जीव होत नाही. सातवी-आठवीपर्यंत गावात, पुढे घरकाम, मग लग्न. एका गाडीची फेरी रद्द झाल्याचा हा खर्च कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

बौद्धवाडीतल्या मंडळींनी अशा वेळी नुसते हळहळत बसू नये. किती मुली कोणत्या शाळेत जातात त्यांची नावे, इयत्ता आणि शाळेची वेळ अशी यादी करावी. मुख्याध्यापकांचे पत्र जोडावे. ग्रामसभेत ठराव करून घ्यावा. तो एकट्या वाडीचा नव्हे, सगळ्या गावाचा असावा, कारण गाडी सगळ्यांनाच हवी असते. हे सारे आगार व्यवस्थापकाच्या हाती देऊन पोच घ्यावी आणि प्रत विभागीय कार्यालयाला पाठवावी. एका खेपेत होत नाही. आमच्याकडच्या बायकांच्या मंडळाला तीन खेपा माराव्या लागल्या. माझ्या मावसबहिणीची मुलगी यंदा बारावीला आहे, शास्त्र शाखा. गाडी सकाळी सव्वासहाला सुटते, आणि ती ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर, खिडकीशी बसते.